सोमजाईची हद्द

येसाजीने वेळूच्या काठीला बांधलेली सुतळी डोक्यावरून मागे भिरकावली आणि ती करंजाच्या फांदीत अडकून बसली. त्याने दोनदा ओढून पाहिली. मग कमरेचा कोयता काढून सुतळी तोडली आणि काठावर वही घेऊन बसलेल्या मुरारराव मोजणीदारांना म्हणाला,

"हितं नाय जमायचं, भाऊसाहेब. साहेबाची दोरी मागं अडकल. म्होरं चला."

मुराररावांनी त्या जागेवर फुली मारली. सकाळपासूनची ही चौथी फुली. गुडघे कुरकुरत होते, धोतराला कुसळं लागली होती, तरी त्यांना राग येत नव्हता. उलट या म्हाताऱ्याकडे पाहताना त्यांना मजा वाटत होती.

पुण्याहून ब्रॅडवेल साहेबांचं पत्र आलं होतं. मोजणीखात्याचे हे मोठे साहेब डिसेंबरात तीन दिवस पोलादपूरच्या डोंगरातल्या नद्यांवर मासे धरायला येणार होते. मुक्काम, वाटा, डोह, सगळी आखणी मुराररावांनी करायची होती. साहेब गांडूळ लावत नसत, पिठाची गोळीही नाही. पिसं रेशमाने बांधून स्वतः केलेली खोटी माशी ते गळाला लावत आणि लांब दोरीने पाण्यावर टाकत. ती दोरी पुढे जाण्याआधी तेवढीच मागे जाते, म्हणून पाठीमागे मोकळी जागा हवी, असं पत्रात लिहिलं होतं. मुराररावांनी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांना त्यातलं काही कळलं नाही. कुडपणच्या येसाजीने ते एकदा ऐकलं, वेळू तोडला, सुतळी बांधली आणि नदीची वाट धरली.

नमुन्याला म्हणून साहेबांनी पाकिटात एक माशी घातली होती. येसाजीने ती तळहातावर घेऊन पुष्कळ वेळ फिरवून पाहिली.

"कुना बाईनं केली?"

"साहेब स्वतः करतात."

"हात हाय बाबाला," येसाजी म्हणाला. "असली माशी आपल्याकडं नाय. पन मासा काय तिला गाव इचारतोय?"

त्याने ती मुंडाशाच्या घडीत खोचली आणि ती काही परत दिली नाही. मुराररावांनीही मागितली नाही.

दोन दिवसांत येसाजीने सगळी नदी त्यांच्या वहीत उतरवली. उन्हं वर येईपर्यंत मासा कुठल्या खडकाच्या सावलीला असतो, मग कुठल्या उथळावर येतो, वारा कुठल्या खिंडीतून किती वाजता सुटतो, साहेबाची सावली पाण्यावर पडू नये म्हणून कुठल्या काठाने उतरवायचं, हे त्याला बोलावं लागत नव्हतं, नुसतं बोट दाखवावं लागे. अकरा वर्षं मुरारराव डोंगर मोजत होते. एवढं अचूक त्यांना साखळी लावूनही कधी सापडलं नव्हतं.

आणि अचूकपणा हा मुराररावांचा जीव होता. महाडच्या कचेरीत त्यांची थट्टा होई की मोजणीदारांच्या नकाशात मुंगीचं वारूळसुद्धा जागच्या जागी असतं. थट्टा त्यांना आवडे, कारण ती खरी होती. पुण्याच्या नकाशाखान्यात एक जागा रिकामी झाली होती. साहेबांनी शिफारस केली तर डोंगर सुटणार होते, गुडघे सुटणार होते. त्यासाठी साहेबांना एक मोठा मासा मिळायला हवा होता.

मोठे मासे एकाच ठिकाणी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिथे पोचले. नदी जांभळीपाशी वळते आणि वळणाखाली पाणी एकदम खोल, काळं होतं. ही सोमजाई देवीची कोंड. बयाबाई, येसाजीची बायको, टोपलीत उरलासुरला भात घेऊन काठावर उभी होती. तिने पाण्यात पाय घातला मात्र, तळातून काळसर पाठी वर आल्या. रुपयाएवढ्या खवल्यांचे, हातभर लांबीचे खडस मासे. तिच्या घोट्यांना घासत ते भात खाऊ लागले.

"सरक, गो बये, सरक," ती एका माशाला म्हणाली. "कालपास्नं तूच खातेस."

मुरारराव पाहतच राहिले.

देवीचे मासे कुणी मारत नसे. जांभळीपासून खालच्या धोंड्यापर्यंत तिची हद्द. धोंडा फार मोठा नव्हता, दोघांनी जोर लावला तर हलेल एवढा. दर नवरात्रात त्याला चुना फासायचा मान येसाजीच्या घराण्याचा होता. धोंड्याच्या आत गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही. धोंड्याच्या खालचं पाणी मात्र साऱ्यांचं.

मुराररावांनी सवयीने साखळी काढली. जांभळीपासून धोंड्यापर्यंत चार साखळ्या, नऊ आणे. मोजणीत साखळीचा सोळावा भाग म्हणजे आणा, आणि मुरारराव आण्याचीही कसूर ठेवत नसत. मग त्यांची नजर धोंड्याखाली गेली. तिथे दुसरा डोह होता, उजेडाचा, स्वच्छ. मागे गोट्यांचं मोकळं मैदान. साहेबांची दोरी तिथे हवी तेवढी मागे गेली असती.

"इथे मासा नाही?"

"बारका हाय. मोठा वर ऱ्हातो. भात वर पडतो ना."

मुराररावांनी साखळी गुंडाळली. मग म्हणाले, "येसाजी, साहेब इथे यायच्या आधी आठ दिवस भात धोंड्याच्या खाली टाकला तर?"

बयाबाईचा हात टोपलीतच राहिला. येसाजीने धोंड्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"मासा खाली येईल," तो म्हणाला.

"खालचं पाणी देवीचं नाही. तूच सांगितलंस."

"नाय. खरं हाय. माझा बा बी असंच सांगायचा."

"तीन दिवस चांगले करून दाखवतो असा शब्द दिलायस."

"दिलाय."

बयाबाई टोपली झाडत म्हणाली, "आठ दिस पावना म्हनून जेवू घालायचा, आनि नवव्या दिशी..." तिने वाक्य पुरं केलं नाही. मुराररावांनी वहीत खालच्या डोहावर गोल काढला आणि त्यात तीन आकडा लिहिला. तिसरा दिवस, शेवटचा, सगळ्यात मोठा.

महाडला परतल्यावर त्यांनी चार दिवस खपून नकाशा काढला. प्रत्येक डोह, प्रत्येक उतार, उभं राहायची जागा, देवीच्या हद्दीचा धोंडा, सगळं साखळ्या-आण्यांत. आठवड्याच्या आत साहेबांचं उत्तर आलं. मासेमारीसाठी इतका सुंदर नकाशा आपण आयुष्यात पाहिला नाही, आणि हा माणूस पुण्याला का नाही याचं आपल्याला नवल वाटतं, असं त्यात लिहिलं होतं. ते पत्र मुराररावांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. रोज एकदा ते तिथेच आहे ना हे चाचपून पाहत.

साहेब महाबळेश्वरचा घाट उतरून मोटारीने पोलादपूरला आले. उंच, लाल मानेचा, कमी बोलणारा माणूस. मराठीची परीक्षा दिलेली, म्हणून पुस्तकासारखं मराठी बोलत. पहिल्या सकाळी त्यांनी काठी जोडली आणि दोरी मागे टाकली. ती हवेत पूर्ण उलगडेपर्यंत ते थांबले आणि मग मनगटाच्या नुसत्या एका हेलकाव्याने ती पुढे गेली. माशी पाण्यावर उतरली तेव्हा वलयसुद्धा उठलं नाही.

येसाजी तोंडातली तंबाखू थुंकायला विसरला.

"भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला, "ह्यो मानूस दोरी फेकत नाय. सोडतो."

दोन दिवस ते दोघे एकमेकांकडे असंच पाहत होते. येसाजी बोटाने खडक दाखवी, साहेब तिथे माशी उतरवत, आणि बहुतेक वेळा मासा येई. वीतभराचे, दीड वितीचे. साहेब प्रत्येक मासा सोडून द्यायचे. पण हात लावण्याआधी ते हात पाण्यात भिजवत. येसाजीने कारण विचारलं.

"कोरड्या हाताने त्याचे अंग पोळते," साहेब म्हणाले.

येसाजीने मान डोलावली. त्या संध्याकाळी साहेबांचं जेवण उरकताच तो, सकाळी कोंडीवर भेटतो एवढं सांगून कुडपणची वाट चढून गेला. मुराररावांना वाटलं, थकला असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब मोठ्या उमेदीने निघाले. डब्यातली सगळ्यात मोठी माशी त्यांनी टोपीला लावली होती. मुरारराव पुढे होते, नकाशा हातात.

जांभळीचं वळण आलं. चार साखळ्या, नऊ आणे त्यांची पावलं आपोआप मोजत गेली आणि थांबली. तिथे धोंडा नव्हता.

धोंड्याच्या जागी ओल्या मातीचा खळगा होता, आणि त्यातून मुंग्या आपली पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा धावत होत्या. मुराररावांनी मान उचलून पुढे पाहिलं. खालच्या डोहाच्याही खाली, जिथे मोकळं मैदान संपतं तिथे, धोंडा बसला होता. पांढराशुभ्र. चुना अजून वाळला नव्हता.

डोहाच्या काठाशी पाण्यात बयाबाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. पाणी तिच्या पोटरीपर्यंत होतं आणि पोटऱ्यांभोवती त्या काळ्या पाठी संथपणे फिरत होत्या. आठ दिवसांत सगळे खाली आले होते. येसाजी धोंड्याशेजारी उभा होता. त्याच्या नखांत चुना होता. तो मुराररावांकडे पाहत नव्हता, साहेबांकडेही नाही.

साहेबांना आधी मासे दिसले. त्यांनी श्वास घेतला तो मुराररावांना ऐकू आला. काठी जोडायला ते खाली वाकले, आणि वाकता वाकता त्यांना धोंडा दिसला. त्यांनी मुराररावांच्या हातातला नकाशा घेतला, त्यावर बोट ठेवलं, पुन्हा धोंड्याकडे पाहिलं.

"मुरारराव, नकाशात देवीचा दगड वर आहे. येथे तो खाली आहे. खरे कोणते?"

एक शब्द पुरला असता. खळगा तिथेच होता, मुंग्या धावत होत्या, चुना ओला होता. मुराररावांचा हात खिशातल्या पत्राकडे गेला. त्यांनी येसाजीकडे पाहिलं. म्हाताऱ्याने भात खाली टाकला होता, मासे खाली आणले होते. दिलेला शब्द त्याने पुरा पाळला होता. आणि मासे जिथे आले तिथवर तो देवीला घेऊन आला होता. हे सगळं करताना आपण पकडले जाऊ, हे त्याला ठाऊक नसेल असं नव्हतं. सबंध जिल्ह्यात नकाशा न चुकणारा एकच माणूस होता, आणि तोच साहेबांबरोबर येणार होता.

मुराररावांना त्या क्षणी त्याचं फार कौतुक वाटलं. आणि स्वतःची फार लाज वाटली.

"नकाशा चुकलाय, साहेब," ते म्हणाले. "माझी चूक. मोजताना घाई झाली."

साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांची नजर खळग्यावरून फिरली, बयाबाईच्या पायांवरून फिरली आणि येसाजीच्या बोटांवर येऊन थांबली. त्यांनी टोपीची माशी काढली, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

"तुमची चूक," नकाशा परत देत ते म्हणाले. "मी हे लक्षात ठेवीन." त्यांच्या आवाजावरून काही कळेना. मग येसाजीकडे वळून म्हणाले, "याच्या खाली पाणी आहे काय?"

"हाय, साहेब," येसाजी म्हणाला. "मासा बारका, पन झुंजतो."

"चला मग."

साहेब आणि बयाबाई पुढे निघाले. ती त्यांना उतरायची वाट दाखवत होती. मुरारराव मात्र मागे राहिले. त्यांनी पिशवीतून साखळी काढली आणि तिचं एक टोक येसाजीपुढे धरलं.

"येसाजीबाबा, धरा. जांभळीपासून."

येसाजीने टोक घेतलं. दोघांनी वळणापासून मोजत आणलं. खळग्यापाशी मुराररावांनी साखळी ताणून धरली आणि मुंग्यांवर पाय पडू न देता ते पलीकडे गेले. धोंड्याशी आल्यावर कड्या मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या. सात साखळ्या, चार आणे. खोडरबराने त्यांनी जुना आकडा पुसला, कागद फुंकला आणि स्वच्छ अक्षरात नवा लिहिला. साखळीला चुना लागला होता, तो त्यांच्या तळव्यालाही लागला.

येसाजी चवड्यावर बसून ते लिहिणं पाहत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

"भाऊसाहेब," तो शेवटी म्हणाला, "म्होरल्या नवरात्रात चुना कुटं लावू?"

मुराररावांनी नकाशाची घडी घातली.

"नकाशात आहे तिथे," ते म्हणाले, आणि साखळी गोळा करू लागले.