वाचकावर सोपवलेली ओळ

“सर, एकतीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. आता कोण वाचतंय?”

विभागप्रमुखाने हे इतक्या मायेने विचारले, की प्राध्यापकांना क्षणभर आपण आजारी असल्यासारखे वाटले. टेबलावर त्यांच्या गौरवग्रंथाची शेवटची मुद्रिते पडली होती. संध्याकाळी ती छापखान्यात जायची होती. चाळिसाव्या पानावर त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत होता, सर्व मूळ संख्यांविषयीचा. सिद्धता मात्र दोन ही संख्या सोडून बाकीच्यांची होती. दोनसाठी त्यांनी तरुणपणीच्या रुबाबात एकच ओळ लिहिली होती : ‘हे सोपे असल्याने वाचकावर सोपवले आहे.’

वाचक एकतीस वर्षांनी उगवला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका बाईंनी तेवढा भाग सोडवायला घेतला, तेव्हा कळले की त्यात सोपे काहीच नाही. सगळी युक्ती दोनपाशी येऊन मोडते. बाईंनी वेगळी वाट काढली, चार पानांत सिद्धता पुरी केली आणि भीत भीत प्राध्यापकांच्या हाती दिली. मधल्या काळात याच सिद्धांतावर तिघांनी पदव्या पदरात पाडून घेतल्या होत्या. त्यांतला एक आता समोर, प्रमुखाच्या खुर्चीत बसला होता.

त्याने तोडगाही काढून ठेवला होता. ती चार पाने सरांच्याच नावे ग्रंथात घालावीत. बाईंची नेमणूक पुढच्या महिन्यात संपते. त्या कशाला तोंड उघडतील?

प्राध्यापकांनी सावकाश चष्मा पुसला. सकाळी बायकोने बजावले होते, घरात जन्मात एक चूक कबूल केली नाहीत, तिथे तरी श्रीगणेशा करा.

“तुझ्या प्रबंधावर मी सही केली,” ते शांतपणे म्हणाले. “ती चूक आता दुरुस्त होत नाही. ही होते.”

त्यांनी ती ओळ लाल शाईने खोडली. समासात लिहिले, ‘उणीव माझी, सिद्धता पुढील चार पानांत, बाईंच्या नावाने.’ मग सिद्धांताच्या शीर्षकातल्या स्वतःच्या नावापुढे एक छोटी रेघ ओढून तिथेही बाईंचे नाव घातले आणि मुद्रिते प्रमुखाकडे सरकवली.

दुपारी रिकाम्या वर्गात बाई फळ्यावर सिद्धता मांडत होत्या. पहिल्या बाकावर प्राध्यापक वही उघडून बसले होते. तिसऱ्या पायरीवर बाईंनी हात झटकले.

“इथून पुढचं सोपं आहे, सर.”

“मीही असंच लिहिलं होतं, बाई. लिहा.”

बाईंनी खडू पुन्हा उचलला. प्राध्यापकांनी पान उलटले आणि पट्टी लावून नवा समास आखला.