दम लागलेली शीळ

"रडत नाही हो ती. स्क्रू पिळते," मालकीणबाई म्हणाल्या आणि कॉलरवर इस्त्री अशी दाबली की वाफेनं त्यांचाच चष्मा धुरकटला.

बाकावर बसलेल्या थोरल्या जाऊबाईंनी मान लांब करून दुकानामागच्या खोलीत डोकावलं. सून जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात पत्र्याची उघडी पेटी, पेटीत हिरवी पाटी, पाटीभर तारांचा गुंता. तोंडात एक स्क्रू, हातात दुसरा.

"नवरा जाऊन अजून वर्षश्राद्धसुद्धा झालं नाही," मालकीणबाईंनी चष्मा पदराला पुसला. "कामावरून येते, हात धुते आणि त्या डबड्यापुढं बसते. परवा म्हटलं, बाई गं, चार आसवं गाळ, मोकळी हो. तर म्हणते, आई, पंखा उलटा बसलाय, जरा बॅटरी धरता?"

"मग धरलीस?"

"धरली. काय करणार? अंधारात बोट कापून घेतलं असतं तिनं."

"आणि एवढं करून त्यातून निघणार काय?"

मालकीणबाईंनी शर्टाची घडी घातली, तिच्यावर तळहात फिरवला, मग दुसऱ्यांदा फिरवला.

"त्याची शीळ," त्या म्हणाल्या. "म्हणे."

सून वजनकाटे तपासायच्या नोकरीत होती. दुकानोदुकानी जाऊन काटा खरा की खोटा ते बघायचं, आणि खोटा निघाला की तिथंच उघडून सरळ करायचा. ही खोड तिच्या हाडांत मुरली होती. लग्न होऊन आली तशी आधी तिनं गळका नळ बसवला, मग करकरणारं दार गप्प केलं, आणि मग मोर्चा नवऱ्याकडे वळवला. बटणं खालीवर लावू नकोस, बोलताना शब्द खाऊ नकोस, कपड्यांचा गठ्ठा सारखा एकाच खांद्यावर घेऊ नकोस. पोरगा ऐकून घ्यायचा, हसायचा, बाहेर पडायचा आणि शीळ घालायचा.

ती शीळ म्हणजे त्याची वर्दी. गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून परतताना गल्लीच्या तोंडाशीच सुरू व्हायची. ती ऐकली की मालकीणबाई इस्त्री उभी करून ठेवायच्या आणि सून चहाचं आधण ठेवायची. आता फोनमध्ये त्याचे फोटो होते, कुणाच्या तरी लग्नात नाचतानाचा व्हिडिओ होता, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतानाचा आवाजसुद्धा होता. शीळ तेवढी नव्हती. रोज घरी येणारा आवाज कोण कशाला जपून ठेवतं?

सुनेला एवढंच माहीत होतं की ती धून त्याच्या लहानपणच्या एका खेळातली आहे. कंदील घेतलेला एक माणूस डोंगर चढतो, आणि तो चढत असताना ती वाजते. खेळाची फाईल त्याच्या पेनड्राइव्हमध्ये सापडली होती. ती चालेल असं यंत्र, म्हणजे कॉम्प्युटर, घरात नव्हतं. म्हणून जुन्या बाजारातून एकेक तुकडा गोळा करून तिनं ते उभं करायला घेतलं होतं. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, प्रोसेसर कुणीतरी टाकून दिलेला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी यंत्र पहिल्यांदा सुरू झालं. सुनेनं सासूला हाक मारली नव्हती, पण मालकीणबाई बटणं टाकायचा डबा शोधायला म्हणून खोलीत आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

"हा खेळ खरं तर कन्सोलवरचा, आई. टीव्हीला जोडायचं यंत्र असतं ना, ते. आपल्याकडे ते नाही. म्हणून हा प्रोग्रॅम त्या कन्सोलचं सोंग घेतो आणि खेळाला फसवतो."

"फसतो खेळ?"

"फसतो. पण सोंग घ्यायला ताकद फार लागते. हा प्रोसेसर गरीब आहे."

"गरिबाला श्रीमंताचं सोंग घ्यायला लावलं की धाप लागायचीच."

पडद्यावर कंदीलवाला माणूस हलला. एक पाऊल टाकलं, थबकला, दुसरं टाकलं. स्पीकरमधून धून आली ती तुटत, फरफटत, सूर लांबत, मध्येच जीभ अडकल्यासारखी. सुनेनं ओठ घट्ट मिटले. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघून मान हलवली.

"निम्म्या वेगानंच चाललंय. हे नाही."

मालकीणबाई डबा न घेताच दुकानात परतल्या. आतून ती फरफटती धून आणखी एकदा ऐकू आली. मग करपल्याचा वास आला. त्यांनी इस्त्री झटकन उचलली. पांढऱ्या कॉलरवर तपकिरी चंद्रकोर उमटली होती. उभा जन्म या टेबलापाशी गेला, पण गिऱ्हाइकाचं कापड त्यांच्या हातून कधी जळलं नव्हतं.

"त्या डबड्यापायी!" त्या आतल्या दिशेनं ओरडल्या. कॉलर हातात धरून मात्र बराच वेळ उभ्या होत्या.

पुढच्या सुट्टीला सुनेनं प्रोसेसरवर नवा, मोठा पंखा बसवला. बसवण्याआधी धातूच्या चौकोनावर राखाडी मलमाचा ठिपका ठेवला.

"दुखतंय का त्याला कुठं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"उष्णता वर पंख्याकडे नीट जावी म्हणून. आता त्याला ओव्हरक्लॉक करणार आहे. म्हणजे कारखान्यानं ठरवून दिलाय त्यापेक्षा जास्त वेगानं पळवायचं."

"पगार तोच, काम जास्त."

"तसंच. त्यानं तो तापतो. फार तापला की जीव वाचवायला आपणहून वेग कमी करतो, आणि मग सगळं पुन्हा अडखळायला लागतं. म्हणून पंखा मोठा."

"वेग कमी करतो तेवढं शहाणपण आहे म्हणायचं त्याला. नाहीतर एक दिवस गठ्ठ्यासकट जिन्यात बसेल आणि…"

सुनेनं पेचकस फिरवायचा थांबवला. जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, गठ्ठा खांद्यावर असतानाच तिचा नवरा टेकला होता, आणि वरच्या बिऱ्हाडातल्या माणसांना वाटलं होतं की जरा दम खातोय.

"बॅटरी नीट धरा, आई," सून म्हणाली. "हलतेय."

दुपारभर ती वेग थोडा वाढवायची, यंत्र बंद पडायचं, थोडा उतरवायची, पुन्हा लावायची. मालकीणबाई पेटीच्या मागच्या जाळीशी तळहात धरून बसल्या होत्या. इस्त्री किती तापली हे त्यांना दिवा न बघता कळायचं, मग हे डबडं काय मोठं लागून गेलं?

"तापतंय. थांब."

"तापमानाचा आकडा तर ठीक दाखवतोय."

"आकड्याला काय जातंय! हात माझा आहे."

सून थांबली. क्षणभरातच पडदा काळा झाला. तिनं सासूकडे पाहिलं, वेग जरा उतरवला आणि पुन्हा सुरू केलं.

या खेपेला कंदीलवाला डोंगर चढला तो सरसर. पाऊल कुठं अडलं नाही. धून वाजली ती स्वच्छ, धुऊन कडक इस्त्री केल्यासारखी. कोपऱ्यातला आकडा जागचा हलत नव्हता.

सुनेनं ती पूर्ण ऐकली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा तिचा हात खाली आला होता.

"पूर्ण वेग आहे, आई. खेळ बनवणाऱ्यानं बनवला तस्साच. काही चूक नाही." ती पडद्याकडेच बघत होती. "पण हा तो नाही. हे कुणाचंतरी भलत्याचंच आहे."

ती मालकीणबाईंकडे वळली.

"मी विसरायला लागले का त्याला? इतक्यात? आई, खरं सांगा. कशी होती ती? मला आठवतेय ती चुकीची आहे का?"

तिचा आवाज तेवढाच कोरडा होता, वजनाचा आकडा वाचून दाखवावा तसा. मालकीणबाईंनी मात्र तिचे हात पाहिले. काट्यावर मिलिग्रॅमसुद्धा न सांडणारे ते हात पेचकस पेटीत ठेवू बघत होते, आणि पेचकस दर वेळी बाहेर पडत होता.

त्या उठल्या. दुकानातून टॉवेल घेऊन आल्या, धुतलेला, जाड, चौपदरी घडीचा. यंत्राशी वाकल्या आणि तो मागच्या जाळीवर दाबून धरला.

"आई! अहो, जळेल ते!"

"खेळ लाव."

"वारा बंद झाला तर…"

"लाव म्हणते ना. किती तापवायचं ते मला शिकवू नकोस."

सुनेनं खेळ लावला. कंदीलवाला चालू लागला. धून आली तशीच, स्वच्छ. पंखा चिडल्यासारखा घोंगावू लागला. मालकीणबाईंच्या तळव्याखाली टॉवेल कोमट झाला, मग गरम झाला.

"कन्सोल कुठला यायला आपल्याकडे," त्या टॉवेलाशी बोलल्यासारख्या म्हणाल्या. "कुणीतरी फेकलेला कॉम्प्युटर उचलून आणला होता त्यानं. असंच सोंग घेणारा. ठेवायला जागा नाही, म्हणून माझ्या टेबलाखाली. वर दिवसभर माझी इस्त्री, बाजूला वाफेची नळी. तापून तापून अडखळायचा, आणि पोरगा ऐकून ऐकून तशीच…"

पडद्यावरचा माणूस थबकला. एक पाऊल टाकलं, क्षणभर अधांतरी राहिला, मग दुसरं टाकलं. धून पहिल्या दोन सुरांना नीट चालली, तिसऱ्याशी तिला दम लागला. सूर लांबला, खाली लवला, आणि पुढचे दोन घाईघाईनं पळत येऊन त्याला गाठते झाले.

गल्लीच्या तोंडाशी, एका खांद्यावर गठ्ठा.

सुनेचा हात आपसूक चहाचं आधण ठेवायला पुढं गेला आणि तिथंच थांबला. खोलीत शेगडी नव्हती. मग तिच्या घशातून एक आवाज आला, दार करकरावं तसा. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, तरी तो थांबेना. ती जमिनीवर वाकली, कपाळ पेटीच्या पत्र्याला टेकलं, आणि तिची पाठ हलत राहिली.

मालकीणबाईंनी धून संपेपर्यंत टॉवेल दाबून धरला. हात भाजत होता. करपल्याचा वास यायच्या एक क्षण आधी त्यांनी तो उचलला. पंख्यानं मोठा श्वास घेतला. पडद्यावरचा माणूस पुन्हा सरसर चढू लागला, तसं त्यांनी बोटानं स्पीकरचं बटण फिरवून त्याला गप्प केलं.

मग गरम टॉवेल सुनेच्या मांडीवर टाकला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे कडकडले.

"तोंड पूस," त्या म्हणाल्या. "चार वर्षं माझ्या पोराला सुधारत होतीस. तो गेला, तरी सोडायला तयार नाहीस."