ऋषीची दाढी, ताटीची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दाढी आहे. हसू नका. शालिकरामच्या मळ्याच्या ताटीला बांधलेली दोरी तुम्हाला दिसते ना, तीच मी. पण एके काळी मला पाहून बाजारातली माणसं वहाणा काढून उभी राहत, हेही खरं आहे.

माझा जन्म याच मळ्यातला. शेलूबाजारच्या कडेला शालिकराम वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतो आणि धुऱ्यावर, बांधाच्या कडेने, अंबाडी ठेवतो. एका वर्षी ती अंबाडी त्याने कापली, नाल्याच्या डबक्यात कुजत घातली, बडवली आणि तिच्या धाग्यांचा वाख काढला. माझे बहुतेक भाऊबंद दोर झाले. कोणी विहिरीत उतरले, कोणी बैलांच्या गळ्यात पडले. मी मात्र नाटकमंडळीच्या वाट्याला आले, कारण त्यांना एक ऋषी उभा करायचा होता आणि गावात कोणाला धड दाढी येत नव्हती. शालिकरामने मला फडक्यावर शिवलं आणि कानांत अडकवायला दोन फासे केले. त्याची बायको गोजराबाई म्हणाली, "चांगला वाख व्हता. दोर झाला असता." मला तेव्हा तिचा राग आला होता.

ऋषी म्हणून मी बरीच वर्षं शाप दिले. सोपं काम आहे ते. हात वर करायचा आणि समोरच्याने दगड व्हायचं.

मग अमरावतीच्या कॉलेजातून शिकून रामराव मास्तर गावात आले. शाळेत शिकवत, संध्याकाळी वाचनालय चालवत. वाचनालयाच्या भिंतीवर त्यांनी दोन तसबिरी लावल्या होत्या, एक जर्मनीच्या दाढीवाल्या पंडिताची आणि दुसरी रशियाच्या मिशीवाल्या पुढाऱ्याची. मास्तर मनाने स्वच्छ होते. गावातल्या प्रत्येकाला रोज भाकर मिळावी, एवढंच त्यांना वाटे आणि ते कसं होईल हे पुस्तकात दिलेलं होतं.

एक मेला कामगार दिनाच्या मिरवणुकीत बैलगाडीवर त्या जर्मन पंडिताचा देखावा करायचा ठरला. मला नाटकमंडळीकडून मागून आणलं आणि देवलाच्या तोंडावर चढवलं. देवला मजुरी करायचा. त्याचा आवाज असा, की शेतात हाक मारली तर पाखरं उडत. मास्तरांनी त्याला गप्प बसायला सांगितलं होतं. पण बायका गाडीपुढे हळद-कुंकू घेऊन आल्या. एका म्हातारीने विचारलं, "हे महाराज कोन्या गावचे?"

"जर्मनीचे," मास्तर म्हणाले.

"लय लांबून आले बाप्पा," म्हणत तिने नारळ ठेवला.

नारळ देवलाने खाल्ला. मास्तरांनी वर पक्षाला कळवलं की जनतेचा प्रतिसाद उत्साहजनक आहे.

त्रेपन्न साली मिशीवाला पुढारी वारला. मास्तर डोळे पुसत बाजारात फिरले आणि दुकानं बंद ठेवा म्हणाले. शालिकराम भरल्या टोपलीपाशी बसला होता. त्याने विचारलं, "कोन व्हते हे, मास्तर?"

"आपला माणूस होता, शालिकराम. गरिबांचा."

"मंग ठेवतो बंद." टोपलीतली वांगी सुकली. शालिकराम त्याबद्दल कधी बोलला नाही, आणि मास्तरांना त्यात काही बोलण्यासारखं वाटलं नाही.

तीन वर्षांनी पेपरात वेगळंच छापून आलं. त्या पुढाऱ्याने माणसं कशी उचलून नेली, न केलेले गुन्हे त्यांच्याकडून कसे वदवून घेतले, आणि ती परत कशी आली नाहीत, हे त्याच्याच सोबत्यांनी सांगितलं होतं. मास्तरांनी तो पेपर घडी करून खिशात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग तसबीर उतरवली. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढराफटक राहिला. त्यावर त्यांनी कॅलेंडर लावलं. कॅलेंडर लहान पडलं.

त्या लाजेतून मास्तरांनी नाटक लिहिलं. पुढच्या काळातलं एक गाव होतं. गावाला एकच चूल, सगळ्यांना सारखी भाकर आणि कोणाच्याही घराला दार नाही. दारं जाळूनच चूल पेटलेली. दाढीवाले बाबा म्हणत, "ज्याच्या घराला दार, तो गावाचा गद्दार." एक माळी आपली ताटी लपवून ठेवतो आणि पकडला जातो. बाबा त्याचा न्याय करतात. शेवटच्या पानावर गावाला स्वतःची शरम वाटते, माळ्याला ताटी परत मिळते आणि मास्तर स्वतः पुढे येऊन लोकांना सावध करतात, असा बेत होता. नाटक बाजाराच्या दिवशी भर दुपारी ठेवलं, कारण बत्त्यांचं भाडं परवडणारं नव्हतं.

बाबा देवला झाला. म्हणजे आम्ही दोघं झालो. माळी शालिकराम. आणि नाटकातली ताटी म्हणून शालिकरामने आपल्या मळ्याचीच तुराट्यांची, तुरीच्या वाळल्या काड्यांची, ताटी खांद्यावर घालून आणली.

गोजराबाईने मास्तरांना अडवलं. "आज बाजारात ढोरं सुटेल असतात. मळा उघडा पडला."

"खेळ संपला की ताटी जशीच्या तशी परत देतो. माझा शब्द आहे," मास्तर म्हणाले.

खेळ रंगला. मास्तर कडेला उभे राहून लोकांचे चेहरे पाहत होते. आता घाबरतील, मग घाबरतील. एकच चूल पेटली, सारख्या भाकरी वाटल्या, तेव्हा पुढे बसलेला एक मजूर शेजाऱ्याला म्हणाला, "रोजच देते म्हने त्या गावात."

"दार गेलं तं गेलं. मह्या घराले कुठी हाये दार," शेजारी म्हणाला.

मास्तरांनी हे ऐकलं. त्यांच्या नाटकात भुकेल्या माणसाचं काय, हे पान लिहायचंच राहिलं होतं.

मग न्यायाचा प्रवेश आला. शालिकराम हात बांधून उभा. देवलाने मला कुरवाळलं आणि तो बाजाराकडे वळून गर्जला, "सांगा, या गद्दाराच्या ताटीचं काय करायचं?" मास्तरांच्या लिखाणात इथे लोक मान खाली घालणार होते. बाजार एका तोंडाने म्हणाला, "चुलीत घाला."

देवला क्षणभर थबकला. माझ्या आडून त्याचा श्वास मला कळत होता. पण इतकी माणसं त्याचं ऐकत उभी आहेत, असं त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. तो म्हणाला, "घाला."

शालिकरामने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर एक पाऊल पुढे आले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "रामराव मास्तर की जय," आणि सगळ्या बाजाराने ते उचललं. मास्तरांनी हात जोडले. ते हात जोडलेलेच राहिले. वाळलेल्या तुराट्या जळायला कितीसा वेळ लागतो. शेवटचं पान खिशातच राहिलं.

त्याच वेळी उघड्या मळ्यात ढोरं चरत होती. वांग्यांची बुडखं तेवढी उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मळ्यात आले. वाटेत देवला भेटला, त्याने खाली पाहत मला त्यांच्या हातात दिलं. "मास्तर, मी तं तुमचंच नाटक केलं," एवढंच म्हणाला. मास्तर बांधापाशी घुटमळले.

"काहून थांबले?" गोजराबाई म्हणाली. "सरळ या. आता ताटी नाई. तुमच्या त्या गावावानीच झालं आमचं."

मास्तर आत येऊन मातीत बसले. शालिकराम बुडखं उपटत होता. त्याने हात थांबवले नाहीत. "नाटकात शेवटी मले सोडनार व्हते ना तुमी?"

"होतो. शेवटच्या पानावर."

"ते पान पह्यले वाचाचं, मास्तर."

मास्तर उठले, शेजारच्या वावरातून तुराट्या मागून आणल्या आणि ताटी विणायला बसले. वाकडी विणली. बांधायला दोर नव्हता. शालिकरामने माझ्याकडे पाहिलं, मला फडक्यावरून उसवलं, मांडीवर वळलं आणि ताटीला आवळलं. गोजराबाई म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं."

मित्रांनो, माझ्यातून निघालेले शब्द अजून मला आठवतात, म्हणून मी आता कोणाचा न्याय करत नाही. नुसती ताटी धरून असते. मास्तर अधूनमधून येतात. ताटी अर्धी उघडी असली तरी बाहेर थांबतात आणि तुराट्या खडखडवतात. आतून गोजराबाई विचारते, "कोन?" तिला माहीत असतं, तरी विचारते. मास्तर खालच्या आवाजात म्हणतात, "रामराव."

तुम्हीही कोणाच्या मळ्यात शिराल तेव्हा ताटी वाजवा. कितीही चांगलं काम घेऊन आला असाल तरी वाजवा. आणि आतून "कोण" असं आलं, तर स्वतःचं नाव सांगा. कोणाच्या वतीने आलात, ते नको.