घोळक्यातला शेवटचा पाहुणा

बोटीने येणाऱ्या पाहुण्यांवर माझा जुना राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. सकाळी बोटीवर पोटभर नाश्ता करून उतरतात, दुपारी जेवायला पुन्हा बोटीवर जातात, आणि मधल्या वेळात आमचं पासाउ गाव उरकतात. छातीवर आपल्या घोळक्याच्या आकड्याचा कागद चिकटवलेला, कानात गाईडचं बोलणं ऐकवणारं यंत्र, आणि नजर फोनमध्ये. मी आयुष्यभर 'लाल खेकडा' नावाची खाणावळ चालवली. या लोकांनी माझ्या पाटीचे फोटो भरपूर काढले, पण आत येऊन वाटीभर सूप मागणारा विरळाच. आणि या वर्षी वसंतापासून मी स्वतःच त्यांच्यातला एक होऊन गावभर हिंडलो. डोक्यावर पांढरी टोपी, छातीवर आकडा, घोळक्याच्या अगदी शेवटी.

कारण सगळ्यांच्या पुढे आकड्याची पाटी उंच धरून चालायची ती माझी बायको, रोस्विता.

रोसी या गावात गाईड आहे. मी रश्श्यात पळी ढवळत असताना ती लोकांना कॅथीड्रलचा ऑर्गन दाखवायची, नगरभवनाच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा दाखवायची, आणि शेवटी तिन्ही नद्या एकत्र येतात त्या टोकावर नेऊन निरोप घ्यायची. तिला ऐकायला गावातले लोकही थांबायचे. मागच्या हिवाळ्यात ती चमच्यांच्या खणासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "सेवेरिन, यांची जागा कुणी बदलली?" जागा कुणीच बदलली नव्हती. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. ते इथे लिहायची माझी इच्छा नाही.

एप्रिलमध्ये हिल्ट्रूड घरी आली. गाईडना कामं वाटून देणारी हीच, आणि रोसीची शाळेपासूनची मैत्रीण. रोसी वरच्या खोलीत झोपली होती.

"परवा तिने लोकांना कॅथीड्रलचं एकच दार तीनदा दाखवलं," हिल्ट्रूड म्हणाली. "प्रत्येक वेळी नव्याने. एका बाईने तक्रार केलीय."

"दार बघण्यासारखं आहे."

"चेष्टा पुरे, सेवेरिन. मला हे सांगताना मजा येतेय का?"

घरात रोसी दिवसेंदिवस विझत चालली होती. पण पाटी हातात घेतली की तिची पाठ ताठ व्हायची, जीभ पूर्वीसारखी चालायची. विसरायची ती फक्त वाट. मी हिल्ट्रूडला म्हणालो, "मी मागे राहतो. ती चुकायला लागली की सांभाळतो. पाटी काढून घेऊ नकोस. तेवढंच उरलंय तिच्याजवळ."

हिल्ट्रूडने बराच वेळ कॉफीत साखर ढवळली. साखर ती घेत नाही. "नाताळपर्यंत," ती म्हणाली. "पण तू मागे असशील तरच. तू नसलास त्या दिवशी तीही नाही."

रोसीला मी सांगितलं, घरात बसून मला कंटाळा येतो, तुझ्याबरोबर चालायला येतो. ती खो खो हसली. "यायचं तर नीट पाहुण्यासारखा ये. तुझं हे तोंड बघून माझे लोक बोटीवर परत पळतील!" कुणीतरी बाकावर विसरलेली पांढरी टोपी तिनेच माझ्या डोक्यावर दाबून बसवली.

माझं काम सोपं होतं. गल्लीला दोन फाटे फुटले की रोसी थबकायची. पाहुण्यांना वाटायचं, बाई गोष्ट रंगवण्यासाठी थांबल्यात. मग मी मागून ओरडायचो, "मॅडम, तो मोठा ऑर्गन म्हणतात तो कुठेय?"

"तिकडेच निघालोय की! जरा दम धरा!" ती म्हणायची, आणि पाय बरोबर वाटेला लागायचे.

असे माझे प्रश्न ठरलेले होते. आमच्याकडे एका बोळाचं नावच नरक गल्ली, तिच्या तोंडाशी एक, कॅथीड्रलच्या मागे एक, इन नदीकडे उतरताना एक. पाहुणे माझ्यावर वैतागायचे. "आजोबा, बाईंना बोलू द्या ना! तुम्हाला यंत्र दिलंय ते कान खाजवायला का?" असं एक बर्लिनची बाई मला चारचौघांत म्हणाली. मी ऐकून घेतलं. आमचं गाव मात्र शहाणं निघालं. मी टोपी घातली की कुणी मला ओळख देत नसे. बेकरीवाली अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायची. कोपऱ्यावरचा खाटीक तर एकदा मला सॉसेज कसं सोलायचं ते समजावत बसला. मला! हलकट कुठला.

टोकावर पोहोचून पाहुणे पांगले की मी टोपी काढायचो. तेवढाच आमचा इशारा. रोसी माझ्या दंडात हात अडकवायची आणि म्हणायची, "काय रे, आज फारच मूर्ख प्रश्न विचारलेस." मग आम्ही घरी. तो सबंध उन्हाळा मी त्या एका वाक्यासाठी चाललो.

ऑक्टोबरच्या मध्याला धुकं उतरलं. आमच्याकडे ते उतरलं की नद्यांवरून उठायचं नाव घेत नाही. त्या दिवशी धक्क्यावर मोठी बोट लागली होती, घोळका भलामोठा आणि गारठलेला. रोसीने पाटी उंच केली आणि सगळ्यांना नगरभवनापाशी आणलं. पुराच्या खुणा दाखवताना ती दोन हजार तेराच्या पुराची गोष्ट सांगते, तीही सांगितली.

"आमच्या खाणावळीत छतापर्यंत पाणी. माझा नवरा वरच्या खिडकीतून होड्यांमधल्या लोकांना बादलीने सूप सोडत होता. मीठ जास्त झालं होतं, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही!"

लोक हसले. मीठ जास्त झालं नव्हतं. हे ती मला डिवचायला म्हणते, आणि म्हणताना घोळक्याच्या शेवटाकडे बघून एक डोळा बारीक करते. त्या दिवशी तिने बघितलंच नाही. धुक्यामुळे दिसलो नसेन, अशी मी मनाची समजूत घातली.

नरक गल्लीपाशी ती थांबली. मी ठरलेला प्रश्न विचारला. तिने वळून माझ्याकडे रोखून पाहिलं, नेहमीसारखं खेकसली नाही, हळूच "या बाजूने" म्हणाली आणि निघाली. माझं मन तेव्हाच ठिकाणावर राहिलं नाही.

टोकावर काहीही दिसत नव्हतं. तरी ती सांगत होती, "हे काळं पाणी इल्झचं, हे हिरवं इनचं, आणि मधून येते ती आपली डॅन्यूब." पाहुण्यांपुढे सगळीकडे एकच करडा रंग होता. त्यांनी सभ्यपणे माना हलवल्या, टाळ्या वाजवल्या आणि लगबगीने बोटीकडे गेले.

मी टोपी काढली. "चल, रोसी. घरी."

"तुमची बोट सुटेल," ती म्हणाली. "धक्का तिकडे. सरळ जा."

मला आधी वाटलं, थट्टा करतेय. मी हसलोही. "रोसी, अगं मी. सेवेरिन."

तिचा चेहरा बदलला. "सेवेरिन माझ्या नवऱ्याचं नाव आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी हात पुढे केला. ती एक पाऊल मागे सरली. मागे ओला दगडी काठ होता आणि त्याच्याखाली पाणी. मी "रोसी" म्हणालो, ती आणखी मागे गेली. पाटी तिने छातीशी धरली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला शिव्या दिल्या, माझ्याशी अबोला धरला, एकदा माझ्या अंगावर बटाटेही फेकले. पण मला घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. आणखी एक पाऊल, आणि मी काय करणार होतो?

मी टोपी पुन्हा घातली.

"माफ करा, मॅडम," मी म्हणालो. "मी घोळक्यातलाच. बोटीवरचं जेवण खाऊन तोंडाची चव गेलीय. इथे चांगलं कुठे मिळेल?"

तिचे खांदे खाली आले. "मग असं सांगा ना! किती घाबरवलंत मला. 'लाल खेकडा'त जा. माझ्या नवऱ्याची खाणावळ. माणूस तिरसट आहे, पण त्याच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही."

"मला वाट सापडायची नाही."

"या माझ्यामागून."

ती पुढे, मी मागे. इनच्या काठाने, भिंतीला धरून. कमानीपाशी ती थबकली. मी विचारलं, "मॅडम, नदी आपल्या डाव्या हातालाच ठेवायची का?" "अर्थात! आलोच आपण," ती म्हणाली आणि कमानीखालून निघाली.

चालता चालता ती बोलत होती. "नवरा माझा खडूस. पण पोरीबाळी त्याच्या सुपासाठी रांग लावायच्या. मीही त्यातलीच." मग तिने विचारलं, "तुमच्या मिसेस नाही आल्या?"

"आल्यात की. जरा पुढे चालतायत."

"एकटीला सोडू नका हो. या धुक्यात माणूस चुकतो."

मी आमच्यातलं अंतर जरा कमी केलं.

घराशी पोहोचलो. वर 'लाल खेकडा'ची पाटी अजून लटकते आहे. पुरानंतर खाली पुन्हा टेबलं लागली नाहीत. आता तिथे एक जण पाहुण्यांना तासातासाला पक्षी बाहेर येऊन ओरडणारी कोकीळ-घड्याळं विकतो, जी आमच्या मुलखातली नाहीतच. रोसी काचेतल्या घड्याळांकडे बघत राहिली.

"आज टेबलं कुठे गेली?" ती म्हणाली.

"बाजूच्या दाराने जातो मी," मी म्हणालो. "तुम्हीही चला ना."

"छे. गाईडने पाहुण्यांबरोबर जेवायला बसू नये. तुम्ही जा, मी पाठवलंय म्हणून सांगा."

तिला रस्त्यावर एकटं सोडायचं माझ्या जिवावर आलं. पण टोपीवाल्या माणसाबरोबर ती आत येणार नव्हती आणि टोपी नसलेल्याला ती ओळखत नव्हती. मी जिना चढलो. गुडघे बोलत होते, बोलू दिले. टोपी खिळ्याला टांगली, त्याच खिळ्यावरचा जुना ॲप्रन काढून गळ्यात घातला, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि धावत खाली आलो. ती गेली असेल, हेच डोक्यात.

ती तिथेच होती. रिकाम्या गल्लीत पाटी उंच धरून उभी होती, कुणीतरी गोळा व्हायचं राहिलंय अशी.

"एवढा उशीर?" मी दारातून खेकसलो.

रोसी वळली. माझ्याकडे, माझ्या ॲप्रनकडे बघितलं, आणि तिचा सगळा चेहरा उजळला. "ओरडू नकोस रे! तुझ्याकडे एक पाहुणा पाठवला होता. आला का?"

"आला."

"जेवला?"

"जेवला. सूप आवडलं म्हणाला."

"मिठाबद्दल बोलला नसेल. भिडस्त दिसत होता." तिने माझ्या दंडात हात अडकवला आणि आम्ही वर आलो.

सकाळचं सूप होतंच, कलेजीचे गोळे घातलेलं. गरम करून तिच्यापुढे ठेवलं. ती मन लावून खात होती. मी समोर बसून बघत होतो आणि स्वतःला सांगत होतो, जमलं. उद्या दहाला तिचा घोळका आहे. तिथे टोपी घालू, इथे ॲप्रन बांधू. दोन माणसं व्हावं लागलं तर होऊ, आपलं काय जातंय?

मग तिने चमचा खाली ठेवला आणि आवाज उतरवला.

"सेवेरिन, तो माणूस चांगला नाहीये रे."

"कोण?"

"तोच, तुझ्याकडे आला होता तो. पाहुणे एकदा येतात आणि जातात. हा रोज असतो. रोज माझ्या मागे. तेच तेच विचारतो. आज मला नावाने हाक मारली त्याने. तुझंही नाव ठाऊक होतं त्याला." तिने माझं मनगट पकडलं. बोटं गार होती. "मी कुणाला बोलले नाही. मला भीती वाटते त्याची."

टोपी तिच्या पाठीमागे खिळ्यावर होती. तिने वळून बघितलं नाही म्हणून बरं.

"उद्या तो आला तर त्याला सांग, माझ्या मागे येऊ नकोस म्हणून. तुझं ऐकेल तो. सांगशील ना?"

"सांगतो."

"नक्की?"

"नक्की. उद्यापासून तो येणार नाही, रोसी."

"मग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा चमचा उचलला. "आता उद्या मला निवांत चालता येईल."

मी तिला आणखी थोडं सूप वाढलं. मग दारामागे उभी केलेली आकड्याची पाटी काखेत घेतली, आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि हिल्ट्रूडला फोन लावला.