एकशे आठवी ओवी

महादेवप्पा गुरुजींना ग्रंथकार होण्याचे भाग्य अडुसष्टाव्या वर्षी लाभले. त्या भाग्याला त्या वर्षीच्या अवर्षणाचा मोठा हातभार लागला होता, पण ही गोष्ट त्यांनी कोणापाशी कधी काढली नाही.

गुरुजी मूळचे देवणीजवळच्या एका खेड्यातले. घरात शिवभक्ती आणि गुरेढोरे पिढ्यान्पिढ्या नांदत आलेली. थोरल्या मुलाची बुद्धी पाहून वडिलांनी त्याला मठात संस्कृत शिकायला धाडले, आणि गोठ्याची जबाबदारी धाकट्या मलप्पाकडे दिली. पुढे गुरुजींनी नांदेडच्या शाळेत सारी हयात संस्कृत शिकवले, गोदावरीच्या अंगाला छोटे घर बांधले आणि निवृत्तीनंतर ग्रंथलेखनास बसले. ग्रंथाचे नाव 'वृषभलक्षणमंजिरी'. उत्तम बैल कोणता, सदोष कोणता, याचे ओवीबद्ध विवेचन. वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या खुणा आणि जुन्या पोथ्यांतली वचने त्यांनी त्यात मोठ्या निष्ठेने गुंफली होती.

या निष्ठेत एकच उणीव होती. बाळपणी एका गोऱ्ह्याने शिंगावर घेतल्यापासून गुरुजी कोणत्याही बैलाच्या हाताच्या अंतरात गेले नव्हते. गावी गेले तरी गोठ्याचे दर्शन ओसरीवरूनच घेत.

"शेपटीला हात लावायची छाती न्हाई," त्यांच्या पत्नी गुरम्मा म्हणत, "अन् वशिंडावर बारा ओव्या!"

"शास्त्रकाराने अंतर ठेवूनच पाहावे," गुरुजी उत्तर देत. "जवळून पाहणाऱ्यास एकच बैल दिसतो."

ग्रंथ पूर्ण झाला, परंतु प्रकाशक मिळेना. पुण्याच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित परत करताना लिहिले की, या विषयाचा वाचक पुस्तके विकत घेत नाही, आणि पुस्तके विकत घेणाऱ्यास हा विषय नको असतो. गुरुजींनी ते वाक्य अनेकदा वाचले. त्याची रचना निर्दोष होती, आणि त्यामुळे ते अधिकच लागले. आपण गेल्यावर आपले नाव शाळेच्या जुन्या हजेरीपटांखेरीज कोठेही छापलेले नसेल, ही खंत त्यांना जेवताना, पूजेला बसताना, सारखी टोचू लागली.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादपासून वेगळे होण्याचा सोहळा ऑगस्टात पार पडला. नवी कार्यालये, नव्या पाट्या, नवे अधिकारी. जिकडे तिकडे उद्घाटन करण्याजोगे काहीतरी शोधले जाऊ लागले. लग्नपत्रिका आणि उरुसाची हस्तपत्रके छापणारे अमृतराव नावाचे लातुरातले मुद्रक गुरुजींना दुरून ओळखत होते. ते थेट नांदेडला आले.

"गुरुजी, नव्या जिल्ह्यातला पहिला ग्रंथ आपण काढू. देवणीचा बैल म्हंजे आता आपल्या जिल्ह्याचा बैल. जिल्ह्याचे नवे साहेब प्रकाशनाला येतो म्हणलेत. कागद माझ्याकडं पडून हाय. औंदा लग्नंच न्हाईत, पत्रिका कोण छापतंय?"

अशा रीतीने ज्या दुष्काळाने पोरींची लग्ने लांबवली, त्यानेच गुरुजींचा ग्रंथ मार्गी लावला.

लातुरात अमृतरावांच्या माडीवर शेवटची मुद्रिते तपासताना एक अडचण उभी राहिली. गुणप्रकरणात चोपन्न ओव्या होत्या, दोषप्रकरणात त्रेपन्न. बेरीज एकशे सात. जपमाळेत मणी एकशे आठ. एका मण्याने उणी माळ गुरुजी भगवंताच्या चरणी वाहणार कसे? आणि खाली छपाईचे खिळे जुळवणारा माणूस तर यंत्र थांबवून उभा होता.

"एकादा दोष वाढवा की," अमृतराव म्हणाले. "बैलात दोषाला काय तोटा!"

गुरुजींनी वर पाहिले. समोरच्या खुंटीवर एक जुनी छत्री टांगलेली होती. वर्षभरात तिला उघडण्याचा प्रसंग आला नव्हता. उंदरांनी एका बाजूने तिचे कापड कुरतडले होते. गुरुजींनी लेखणी टेकवली आणि आयुष्यात प्रथमच एकही अक्षर न खोडता ओवी उतरली :

वशिंडामागें डावीकडे । भोवरा जयाचा दृष्टी पडे ।
छत्र धन्याचें तेणें मोडे । छत्रभंग तो ॥

केसांच्या भोवऱ्यांवरून शुभाशुभ पाहण्याची रीत जुनी आहे. या ठिकाणच्या भोवऱ्याविषयी मात्र ना वडील काही बोलले होते, ना कोणती पोथी. पण ओवी इतकी सुघड उतरली की तिला आधार असलाच पाहिजे, असे गुरुजींना वाटले. माळ पूर्ण झाली. प्रस्तावनेत ते आधीच लिहून बसले होते : 'या ग्रंथातील एकही अक्षर शास्त्राधारावाचून नाही.' त्या वाक्याला त्यांनी हात लावला नाही.

प्रकाशन थाटात झाले. साहेबांनी ग्रंथ उघडला, बंद केला आणि गौरवपर भाषण केले. त्यानंतर दोन महिने ग्रंथाचे गठ्ठे अमृतरावांच्या माडीवर स्वस्थ पडून होते.

दिवाळीनंतर चमत्कार झाला. कडबा संपलेले शेतकरी जनावरे बाजारात आणू लागले आणि दलालांना भाव पाडायला कारणे हवी झाली. व्यंकटी नावाच्या एका दलालाच्या हाती मंजिरीची प्रत लागली. बैल उभा राहिला की तो चष्मा लावून पान उघडी आणि खड्या आवाजात ओवी म्हणे. विकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येई. पाहता पाहता प्रत्येक दलालास पुस्तक पाहिजे झाले. अमृतरावांनी तत्परतेने दुसरी आवृत्ती काढली. ती कोपरीच्या खिशात मावेल अशी लहान होती, मुखपृष्ठावर गुरुजींचा फोटो होता, आणि गुणप्रकरण गाळलेले होते.

"गुण कोण इचारतंय, गुरुजी? गुण विकणाऱ्याला ठावंच असतेत."

गुरुजींना गुणप्रकरणाचे वाईट वाटले. पण 'आवृत्ती दुसरी' ही अक्षरे त्यांनी बोटाने चाचपून पाहिली, आणि ते दुःख पुष्कळसे हलके झाले.

मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावची जत्रा भरली. मलप्पा आपला वळू वानेऱ्या घेऊन निघाला आणि वाट वाकडी करून नांदेडला भावाच्या दारी आला.

"अण्णा, तू चल संगं. वैरण संपली. चार म्हशी गेल्या, त्याचं काय न्हाई वाटलं. पण वानेऱ्याला मी हाताव वाढिवलाय. हदगावच्या अंगाचे एक चंद्रप्पा मालक येणार हायेत, त्यांच्या विहिरीला पाणी हाय. गावातल्या गाईंसाठी वळू पायजेल त्यांना. त्यांच्या दावणीला गेला तर जगंल. न्हाई तर जत्रा उठताना उरलेलं जनावर कोण घेतंय अन् कशापायी, तुला सांगाया नको. तू पुस्तक लिवलंस. तुझा एक शब्द पडला की काम होतंय."

ग्रंथकाराकडे शब्द मागण्यास आलेला हा पहिलाच मनुष्य. गुरुजींनी कोसा फेटा बांधला.

जत्रेत वानेऱ्या उभा होता तो नजर खिळवून ठेवील असा. अंग शुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. म्हणूनच देवणी जातीतल्या अशा बैलाला वानेरा म्हणतात. वशिंड डौलदार, गळ्याची पोळी झुलणारी. गुरुजी दहा हातांवरून पाहत होते. गुणप्रकरणातल्या ओव्या जणू चार पायांवर उभ्या होत्या.

चंद्रप्पा आले. वयस्क, कपाळी भस्म, मितभाषी. वळूभोवती फिरले, दात पाहिले, चालवून पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. भाव ठरवायला उपरण्याखाली मलप्पाची बोटे धरण्यासाठी त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात त्यांच्यासाठी बैल पाहून देणारा दलाल पुढे झाला. तो व्यंकटी होता.

"दमा मालक." त्याने वानेऱ्याच्या पाठीवरचे केस उलटे फिरवले. "हे बगा. वशिंडामागं. डावीकडं."

मग त्याने चष्मा लावला आणि ओवी म्हटली. चाल चांगली होती. आसपासचे लोक गोळा झाले. चंद्रप्पांनी हात आखडता घेतला.

भावाच्या गोठ्यात पाच वर्षे वाढलेल्या या जनावराच्या पाठीवर भोवरा आहे, हे गुरुजींना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

"अण्णा, बोल की," मलप्पा कुजबुजला.

गुरुजी पुढे आले. "हा दोष नव्हे."

"पुस्तकात हाय," व्यंकटी म्हणाला.

"पुस्तक माझेच आहे!"

व्यंकटीने मुखपृष्ठावरचा फोटो पाहिला, गुरुजींकडे पाहिले आणि वाकून पाया पडला. "गुरुजी, तुमच्यामुळं माझी पोरं जेवून राहिलीत. पण बैल कुणाचा हाय?"

"माझ्या भावाचा."

"मंग झालं की!" गर्दी हसली.

गुरुजींचा आवाज चढला. "ती ओवी निराधार आहे. संख्या भरावी म्हणून मी ती रचली. खुंटीवर छत्री होती, ती पाहून!"

चंद्रप्पांनी हात जोडले. त्यांचे डोळे ओलावले होते.

"काय हो ही माया! भावासाठी मानूस सोताच्या ग्रंथाला खोटं म्हणतोय. असा भाऊ मिळाया पुण्य लागतंय." आणि व्यंकटीच्या हातातले पुस्तक घेऊन, प्रस्तावनेचे पान उघडून त्यांनी ते वाक्य आदराने वाचून दाखवले : 'एकही अक्षर शास्त्राधारावाचून नाही.' "तुमी भावापायी बोलताव, गुरुजी. पन हे लिवताना तुमाला भाऊ आठवत नव्हता. मी ह्येच धरणार."

मलप्पा मात्र रडला नाही. तो भावाकडे टक लावून पाहत होता. साऱ्या जत्रेत गुरुजींवर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता.

"छत्री?" तो हळूच म्हणाला. "खुंटीवरची?"

चंद्रप्पा उद्या सकाळपर्यंत जत्रेत आहेत एवढे गुरुजींनी विचारून घेतले आणि सडकेवर येऊन लातूरची बस धरली.

अमृतराव यंत्रापाशीच होते. गुरुजींनी कागद पुढे केला : शुद्धिपत्र. एकशे आठवी ओवी निराधार समजावी.

अमृतरावांनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला. "गुरुजी, शुद्धिपत्रात खिळ्याची चूक सुधारतेत. ग्रंथकाराची न्हाई. एक ओवी खोटी म्हणलं की मानूस इचारतोय, बाकीच्या? त्यात तुमचे वडील हायेत, जुन्या पोथ्या हायेत. समद्यांना बुडवताव का? त्यापरीस एक ओवी आनिक करा. दोष हाय, पन अमुक असंल तर लागत न्हाई. परिशिष्ट म्हणून आत्ता छापून देतो."

"म्हणजे पुन्हा असत्य."

"म्हंजे पुन्हा छापील," अमृतराव म्हणाले.

माडीवरच्या खुंटीवर तीच छत्री होती. गुरुजी तिच्याकडे पाठ करून बसले. पहिली ओवी ज्या सहजतेने उतरली होती, ती सहजता आता नव्हती. एकेक चरण दगडासारखा उचलावा लागला. दिवेलागणीला ओवी झाली :

मुख काळें दोहींकडे । ऐशासी भोवरा जरी जडे ।
छत्र धन्याचें उंच चढे । दोष नोहे ॥

खिळे जुळले, कागद निघाले. त्या ओल्या कागदावर ओवीचा क्रमांक पाहताना गुरुजींच्या ध्यानात आले की आता ओव्या एकशे नऊ झाल्या आहेत. ज्या माळेचा मणी भरावा म्हणून सारे घडले, ती माळ पुन्हा बिघडली. अमृतरावांना हे सांगावेसे त्यांना वाटले. पण तो मनुष्य लगेच दुसरी माळ पुरी करायला आणखी एकशे सात ओव्या मागेल, या भयाने ते गप्प बसले.

सकाळी माळेगावात चंद्रप्पांनी परिशिष्ट दोनदा वाचले. व्यंकटीनेही वाचले आणि छापील अक्षरासमोर मान तुकवली. वर दोन प्रती मागून घेतल्या. उपरण्याखाली बोटे जुळली. सौदा झाला.

मलप्पाने वानेऱ्याच्या कपाळावर कपाळ टेकले, कासरा चंद्रप्पांच्या हाती दिला आणि तो भावाजवळ येऊन उभा राहिला.

"जगंल आता," तो म्हणाला. मग म्हणाला, "अण्णा, बैल बगायचा हुतास एकदा तरी. लिवायच्या आधी."

गुरुजी काही बोलणार, तोच कोणीतरी त्यांचे उपरणे ओढले. मागे पाच-सहा माणसे आपापली जनावरे घेऊन उभी होती.

"गुरुजी, माज्या बैलाची शेपटी आखूड हाय. तुमच्या ओवीनं कुणी घेईना झालंय. एक परिशिष्ट द्या की."

"अन् माज्याच्या खुरावर रेघ हाय बगा."

आयुष्यभर वाचकांची वाट पाहिलेल्या गुरुजींभोवती वाचकांचे कडे पडले होते, आणि त्यातून वाट काढणे दुर्घट झाले होते. चंद्रप्पांनीच त्यांची सुटका केली. त्यांनी गुरुजींचा हात मोठ्या भक्तीने धरला आणि वानेऱ्यापाशी नेला.

"ग्रंथकाराचा हात पडू द्या एकदा ह्या छत्राच्या भोवऱ्याव. मंग जातो."

नाही म्हणता येईना. गुरुजींनी डोळे मिटले, मनात पंचाक्षरीचा जप केला आणि तळवा वशिंडामागे, डावीकडे ठेवला. कातडी ऊन होती. केस एका बिंदूभोवती शांतपणे वळलेले होते, जसे कोणाच्याही मस्तकावर वळावेत. साठ वर्षांत त्यांनी बैलाला लावलेला तो पहिला हात.

वानेऱ्याने मान वळवून पाहिलेही नाही. माशी बसल्यावर जनावर करते, तेवढीच त्याने पाठीची कातडी थरथरवली, आणि तो नव्या धन्यामागे चालू लागला.