आधी मिकायी

अबोन्योचा पाय दुखत नव्हता. त्या पायाला काही म्हणजे काही झालं नव्हतं. पण ऐन पेरणीत ही बया गुडघ्याला फडकं बांधून दारात बसली होती, आणि कुणी विचारलं की कण्हत होती.

थोरली बसली की घर बसलं. अबोन्यो ही ओग्वेनोची पहिली बायको, घरची मिकायी. तिच्या हातचं बी मातीत पडल्याशिवाय त्या घरात दुसऱ्या कुणी पेरायचं नाही, हा तिकडच्या सियाया भागातला रिवाज. मोडला तर घरावर अरिष्ट येतं. समोरच्या घरात धाकटी, आओको, कुदळ पुसून तयार होती. तिचं रान उतारावर, रेताड. ओल गेली की तिच्या पोरांनी वर्षभर खायचं काय, हे अबोन्योला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर फडकं बांधलं होतं.

सगळं त्या फोनमुळं झालं. किसुमू शहरातल्या एका संस्थेतली आविनो नावाची मुलगी गावात आली. पेरणी कधी करायची ते बायकांना त्यांच्या भाषेत, ओळखीच्या आवाजात सांगेल, अशी सोय तिला फोनवर करायची होती. बाहेरचा नमुना उचलायचा नाही, आपल्या बायकांना विचारून करायचं, असं ती म्हणायची. आणि विचारलं कुणाला? आओकोला. दोघी आंब्याखाली डोक्याला डोकं लावून बसायच्या, हसायच्या, आणि इकडं अबोन्योची चुलीवरची उगाली, मक्याच्या पिठाची उकड, करपायची. शेवटी फोनमधला आवाजही आओकोचाच. चुलीपाशी म्हणू नका, बाजारात म्हणू नका, जिथं जावं तिथं ती बोलायची, "माती ओली झाली, पेरा."

माझ्या घरात ही मला सांगणार, पेर म्हणून? अबोन्योच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ओग्वेनो एकदा दबकत आला. "पाय खरंच दुखतोय का गं?"

"धाकटीनं पाठवलं वाटतं तुम्हाला."

"नाही, मी आपला सहज..."

"मग सहज परत जा."

तो गेला. दोन घरी जेवणाऱ्या माणसाला कुठं थांबायचं ते बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आविनो आली ती थेट आओकोच्या अंगणात. अबोन्यो दाराआड सरकली आणि कान लावून उभी राहिली.

"फोननं सांगूनही पेरलं का नाहीस?" आविनो विचारत होती. "ऑफिसात म्हणतात, बायकांना कळलंच नाही."

"कळलं की. पण मिकायीचा पाय दुखतोय."

"अगं, तुझं रान वाळतंय."

"वाळतंय खरं," आओको म्हणाली.

एवढंच. ना टोमणा, ना रडगाणं. अबोन्योनं चांगली झणझणीत उत्तरं तयार ठेवली होती, ती सगळी वाया गेली.

थोड्या वेळानं आविनो तिच्या दाराशी येऊन खाली बसली.

"मिकायी, चूक माझी झाली. आओकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मिकायीनं पेरलं का, ते फोनला आधी विचारायला लाव आणि आवाजही त्यांचाच घाल. मला वाटलं, ही घरातली बाब, फोनला तिचं काय. आमच्या हिशोबात एक बाई, एक शेत, एक नंबर. थोरली-धाकटी कुठं बसतच नव्हती."

"मग माझा आवाज का नाही घेतलास?"

"आले होते की. तुम्ही दार लावून घेतलंत."

लावलं होतं. पोरीनं आओकोच्या हातात आधी हात दिला, ते बघून लावलं होतं.

"मग इतके दिवस आंब्याखाली काय चाललं होतं तुमचं?"

"तुमचंच. माती बोटांत धरून ओल कशी बघायची, कुठल्या पक्ष्याच्या ओरडण्यावर थांबायचं. ती म्हणायची, लग्न होऊन आले तेव्हा मिकायीनंच शिकवलं. फोनमध्ये निम्मं ज्ञान तुमचं आहे."

रागवायला माणसाजवळ काहीतरी लागतं, तेही सवतीनं काढून घेतलं. चांगुलपणातसुद्धा मेली हीच पुढे. अबोन्योला वाटलं, खरंच पाय मोडला असता तर बरं झालं असतं.

मग ती उठली. अंगणात बसलेल्या नवऱ्यासमोर शोभावं म्हणून थोडी लंगडली. वाटेत आओकोच्या रानात वाकून तिनं बोट खुपसलं. वरची माती कोरडी ठणठणीत. खाली, बोट पुरं आत गेल्यावर, गारवा लागला. आपल्या शेतात जाऊन तिनं मूठभर मका पेरला, आणि मागून आलेल्या आविनोच्या हातातला फोन ओढून घेतला.

"कुठं बोलायचं?"

"इथं. नुसतं 'मी पेरलं, आता पेरा' म्हणा."

"आओको, पेर," अबोन्यो फोनवर खेकसली. "खोल पेर. वरची ओल गेली, ती माझ्यामुळं. पाय दुखत नव्हता माझा. आणि ओळी सरळ काढ."

आविनो चाचरली. "मिकायी, मधलं काढून टाकू? आओको फोन बाजारातही नेते, सगळ्यांना ऐकू जाईल."

"राहू दे."

उतारावर आओकोनं फोन कानाला लावला. ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं. मग फोन कमरेला खोचून वाकली आणि कुदळ खोल घालत पेरायला लागली. अबोन्यो बांधावर उभी राहून शेवटच्या दाण्यापर्यंत बघत होती. ओळी अगदी सरळ आल्या होत्या. तेही तिला आवडलं नाही.