टेकडीवर खायचं कुठे

नेमेसियोने रिक्षा ओलिंदाच्या खानावळीच्या दारात उभी केली आणि गळ्यातला मफलर नाकापर्यंत ओढून घेतला, कारण रस्त्यापलीकडे, स्वतःच्या घराच्या दारात, त्याची बायको हातात ओगराळं घेऊन उभी होती. मफलरने काय झाकणार, कपाळ? लाल छताची आणि पाठीवर 'आयाकुचोचा प्यूमा' असं पिवळ्या अक्षरांत लिहिलेली रिक्षा अख्ख्या लोमा अल्ता टेकडीवर एकच होती.

"हेच का ते?" मागून उतरणाऱ्या तरुणाने विचारलं. तो आणि त्याची बायको खालच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बघायला आले होते. रिक्षात बसताना तो म्हणाला होता, "काका, इथं खाण्यासारखं काही मिळतं का, की परत मॉलमध्येच जायचं?" तो 'खाण्यासारखं' शब्द नेमेसियोला चढ संपेपर्यंत टोचत होता.

"हेच," नेमेसियो म्हणाला. "आधी रस्सा मागा. बाकीचं मग बघू."

दोघं आत गेली. पलीकडे एलोदियाने सगळं पाहिलं आणि ती वळून घरात गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं नेमेसियोला वाटलं.

एलोदियाची खानावळ उन्हाळ्यात सुरू झाली होती, घराच्या पुढच्या खोलीत. त्याआधी कित्येक वर्षं ती खाली शहरात, मिराफ्लोरेसच्या श्रीमंत वस्तीत, एका मालकिणीकडे स्वयंपाक करायची. जायला दोन बस, यायला दोन बस. दुसऱ्यांची चूल पेटवायला अंधारात निघायचं आणि आपल्या थंड चुलीपाशी अंधारातच परत यायचं. शेवटी तिने शिवणयंत्र विकलं, दोन मोठी पातेली आणली, टेबलांवर पांढरं मेणकापड घातलं. मालकिणीने अजून दुसरी बाई ठेवली नव्हती. दर रविवारी फोन करून म्हणायची, "एलोदिया, तुझी खोली तशीच ठेवलीय गं." जुलैच्या थंडीतल्या राष्ट्रीय सणानंतर काय ते सांगते, असं एलोदियाने कबूल केलं होतं. म्हणजे सणापर्यंत खानावळ चालली तर चालली. नाही तर पुन्हा दोन बस.

आणि खानावळ चालत नव्हती.

दुपारी नेमेसियो जेवायला आला, तेव्हा तिने वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि समोर बसली. एरवी ती बसत नसे.

"कोण होती ती माणसं?"

"कोणती?"

"मफलर वर ओढलास ना, तेव्हा उतरली ती."

"हां, ती. फ्लॅट बघायला आलेली."

"आणि जेवायला ओलिंदाकडे."

नेमेसियोने चमचा वाटीत फिरवला. "त्यांनी विचारलं, इथं सगळ्यात चांगलं कुठे मिळतं."

"मग?"

"मग काय, सांगितलं."

"म्हणजे माझ्याकडे वाईट मिळतं."

"असं कुठे म्हटलं मी? तुझं चांगलंच आहे. तिचं जास्त चांगलंय." बोलून गेल्यावर त्याला कळलं, पण तोवर उशीर झाला होता. "आता खोटं बोलू का मी?"

"बोल ना! अख्ख्या जगाचे नवरे बायकोसाठी खोटं बोलतात. माझ्याच नशिबी हा सत्याचा पुतळा आलाय!" तिने टेबलावर हात आपटला. "काय कमी आहे माझ्या सूपमध्ये, सांग. आज सांगच."

शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. नेमेसियो विचार करू लागला, हीच त्याची खोड.

"कमी काहीच नाही," तो म्हणाला. "तेच तर. छान गाळलेलं आहे, मोजून मीठ आहे, हाड नाही, काही नाही. आजारी माणसाला एकदम झकास."

एलोदियाने त्याच्या पुढची वाटी उचलली. "मग तू तर धडधाकट आहेस. ऊठ."

आता नेमेसियोला कोणी काहीही म्हणो, टेकडीवरचा जुना माणूस त्याचीच बाजू घेईल. आम्ही लोक डोंगरातल्या गावांतून इथे आलो तेव्हा बोरूच्या चटया उभ्या करून घरं म्हणायचो. पाणी टँकरने यायचं, तेही त्याची मर्जी असेल तर. पण दुसऱ्याच दिवशी सामायिक चूल पेटली होती आणि मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत होता. खालच्या शहराला वाटायचं, ही माणसं माती खाऊन जगत असतील. म्हणून तेव्हापासूनची रीत आहे: परक्या माणसाने खायचं कुठे असं विचारलं तर नात्यागोत्याचं बघायचं नाही, सगळ्यात चांगलं जिथे आहे तिथेच न्यायचं. एकदा का त्याच्या तोंडाची चव गेली की तो ओलिंदाला नाव ठेवत नाही, एलोदियाला ठेवत नाही, टेकडीला ठेवतो. आता टॉवर आले, मॉल आला, रोज नवी माणसं येतात, तर ही रीत अधिकच पाळायला हवी. नेमेसियो ती पाळत होता. घरात उपाशी राहून पाळत होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी एलोदियाने आपल्या पातेल्यावर झाकण ठेवलं, स्वच्छ स्वेटर घातला आणि रस्ता ओलांडला. बघू तर खरं, काय सोनं उकळते ती.

"अगंबाई! समोरच्या मालकीणबाई!" ओलिंदा आतूनच ओरडली. गडगडाटी आवाजाची, रुंद बाई. सगळी टेबलं वळून बघायला लागली. "आज चूल पेटली नाही वाटतं तुमच्याकडे?"

"पेटलीय. रस्सा दे. पैसे देऊन खाणार आहे मी."

"बापरे! मग नीटच वाढायला हवा."

वाटी आली ती काठोकाठ. मेंढीचं हाड बाहेर डोकावत होतं, सोललेल्या मक्याचे टपोरे दाणे फुटून फुलले होते, वर पुदिना. एलोदियाने चूक शोधायच्या तयारीने पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीच्या ठेच्याने आलं, असं तिने शेजारच्या गवंड्याला सांगितलं, पण ठेचा तिने अजून घेतलाच नव्हता. चांगलं होतं. मेलं फार चांगलं होतं.

आणि मग ओलिंदा पातेलं कमरेवर घेऊन टेबलांमधून फिरली. वाटी अर्धी झाली की न विचारता वरून एक ओगराळं. याला यापा म्हणतात, वरचा हक्काचा घास. मिराफ्लोरेसच्या घरात दुसऱ्यांदा मागणं म्हणजे वाईट वळण समजत, त्यामुळे खानावळ काढल्यावर पातेलं घेऊन फिरायचं एलोदियाच्या कधी मनातच आलं नव्हतं. डोंगरातली बाई, आणि यापा विसरली! तिचे कान तापले.

तिने पैसे काढले. ओलिंदाने तिची मूठ बंद केली.

"ठेव ते. हे तुझ्या नवऱ्याचं ताट आहे."

"म्हणजे?"

"गिऱ्हाईक आणणाऱ्या ड्रायव्हरला ताट फुकट, हा सगळ्या रस्त्यांचा नियम आहे ना? बाकीचे मेले दोन दोनदा चापून जातात. तुझा माणूस किती दिवस झाले माणसं आणून सोडतोय, पण एक चमचा शिवेल तर शपथ. आग्रह केला की म्हणतो, घरी जेवायचंय."

एलोदियाने पैसे परत पिशवीत टाकले. रोज दुपारी तो तिच्यासमोर बसून ते गाळलेलं सूप दोन वाट्या प्यायचा, तिसरीसाठी वाटी पुढे करायचा, आणि ती त्याला हावरट म्हणायची. रस्त्यापलीकडे हा असा रस्सा त्याच्यासाठी फुकट ठेवलेला असताना. तिला त्याचा राग आला, आणि रागाच्या खाली इतकी माया दाटून आली की तिला उठताच येईना.

"कसा करतेस?" शेवटी तिने विचारलं.

"वा गं वा! आणि मी काय करू मग, तुझ्या मालकिणीकडे जाऊ भांडी घासायला?" ओलिंदा पोट हलेपर्यंत हसली. "तू काहामार्काची ना गं? तिकडच्या आया काय पोरांना गाळणीतून वाढवतात?"

हा टोमणा एलोदियाने घरी नेला. रात्रभर तो तिच्या उशाशी होता. सकाळी ती बाजारातून पाइकोची मोठी जुडी घेऊन आली. पाइको हा उग्र वासाचा पाला. तिच्या आईच्या घरी त्याच्याशिवाय दिवस उगवत नसे. मिराफ्लोरेसला एकदाच केला होता तिने. मालकीण नाकाला रुमाल लावून म्हणाली होती, "घरात औषधाचा वास येतोय," आणि तो विषय तिथेच संपला होता.

एलोदियाने पाला पाट्यावर वाटला. बटाटे, ताजं पांढरं चीज, प्रत्येक वाटीत वरून फोडलेलं एक अंडं. हिरवागार रस्सा. वास गल्लीभर गेला. वरच्या घरातली म्हातारी खिडकीतून ओरडली, "कोण गं ते, काहामार्काचं कोण आलंय?"

"मीच आहे," एलोदिया ओरडून म्हणाली. "इथेच होते."

सुरुवातीला जमलं नाही, उगाच कशाला फुशारकी मारू. एक दिवस पाइको जास्त पडून रस्सा कडू झाला, एक दिवस अंडी दगड झाली. पण ती पातेलं कमरेवर घेऊन फिरायला लागली. गवंडी यायला लागले, मग गवंड्यांचे मुकादम. नेमेसियो दुपारी यायचा, प्यायचा.

"मीठ?" ती पाठमोरी विचारायची.

"आहे."

"आणि?"

"आणि काय? गरम आहे."

ओगराळं त्याच्या डोक्यात घालावं असं तिला वाटे. त्याच्या तोंडून कौतुक काढणं म्हणजे आमच्या टेकडीतून झरा काढणं. आणि रोज सकाळी तो प्यूमा ओलिंदाच्याच दारात जाऊन उभा राहायचा. टॉवर बघायला आलेली नवी नवी माणसं उतरायची, ओलिंदाकडे शिरायची. एलोदिया बघायची आणि ओठ आवळून पाला वाटायची. मागे एकदा तिने सत्याचा पुतळा म्हणून हिणवलं होतं. आता त्या पुतळ्यापुढे हात पसरणार नव्हती ती. खोटं बोलून आणलेलं एकही माणूस तिला नको होतं.

सण उद्यावर आला. घराघरावर लाल-पांढरे झेंडे लागले, ते धुक्याच्या भुरभुरीने ओले होऊन काठीला चिकटले. मालकिणीचा सकाळीच फोन येऊन गेला. "उद्यानंतर सांगशील ना नक्की?" एलोदिया म्हणाली, "सांगते." गवंडी सणासाठी गावाला गेले होते. टेबलं रिकामी होती. पातेलं मात्र तिने नेहमीएवढंच भरलं होतं.

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. तिने मान वर केली नाही. कुठे थांबली असणार ते ठाऊक होतं.

मग तिच्याच दाराचा पडदा सरकला. एक माणूस, त्याची बायको, दोन मुली आणि काठी टेकत आलेली आजी.

"इथेच ना?" माणसाने विचारलं. "ते रिक्षावाले काका म्हणाले, हिरवा रस्सा मागायचा."

एलोदियाला क्षणभर सुचेना की वाट्या कुठल्या फळीवर असतात. मग सुचलं. तिने वाढलं. मुलींनी आधी हिरवा रंग बघून नाक मुरडलं आणि मग बोलणंच सोडलं. आजीने अर्धी वाटी संपवून ती पुढे धरली, आणि एलोदिया पातेलं घेऊन तिच्यापाशी आधीच उभी होती.

पाचही जणांच्या वाट्या पुन्हा भरल्यावर ती हात पुसत बाहेर आली. नेमेसियो रिक्षाची काच पुसत होता.

"आज इकडे कशी वाट चुकली?"

"ओलिंदाचं बंद आहे आज," तो काचेकडे बघूनच म्हणाला.

एलोदियाने पलीकडे पाहिलं. ओलिंदाच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या. आतून वाफ येत होती, टेबलं भरलेली होती, आणि ओलिंदा दारातल्या टेबलावर कोणाला तरी यापा वाढत मोठ्याने हसत होती. एलोदियाने ते सगळं नीट पाहून घेतलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याची काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी फडकं फिरतच होतं, आणि मफलरच्या वर त्याचे कान लाल झाले होते.

"हो का?" ती म्हणाली. "मग मालकिणीला आजच कळवते, दुसरी बाई बघा म्हणून. ओलिंदाचं असं बंद राहायला लागलं, तर टेकडीवर माणसाने खायचं कुठे?"

"तेच तर," नेमेसियो म्हणाला.